तुझं काम किती वाजता सुटतं?

बहिणीच्या लग्नात कानपिळीला भाऊ लागतो. तुझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाचा कान चुलतभावाने पिळला, कारण थोरला सख्खा भाऊ मांडवामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लॅपटॉप ठेवून कॉलवर होता. भटजींनी दोनदा हाक मारली. तुझी आई मागे बोलवायला आली, तर तू तिला हातानेच थांबवलंस. मी जवळच उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणालास, "दोन मिनिटं, सर." तोवर तिकडे बँड वाजायला लागला होता.

तुझे वडील पाव्हण्यांना सांगत होते, "लई मोठं काम हाय त्याच्याकडं, सुट्टीतबी सोडत न्हाईत त्याला." त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. मला राग आला. मांडवात चार माणसांसमोर बोललो नाही, म्हणून आता बोलतो. आणि हे तुझ्या एकट्यासाठी नाही. सेनगावातून, गोरेगावातून, साखऱ्यातून, आजूबाजूच्या तांड्यांवरून पुण्याला गेलेली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात कामाला लागलेली माझी जेवढी लेकरं आहेत, त्या सगळ्यांनी हे ऐकायचं आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला एक साधा प्रश्न विचारला होता. तुझं काम किती वाजता सुटतं? तू म्हणालास, "तसं काही नसतं सर."

अरे, नसतं म्हणजे काय? तुझी आई तुझ्या शिक्षणासाठी लोकांच्या वावरात निंदायला गेली. ती शाळेची पायरी चढलेली नाही. तिला विचार काम किती वाजता सुटतं ते. सुट्टीची वेळ झाली की खुरपं थांबतं. मालक म्हणाला, एवढं तास काढून जा, तर बायका एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, उद्या काढू. त्यात उद्धटपणा नाही की कामचुकारपणा नाही. रोज ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे. सोयाबीनच्या सोंगणीत जास्त काम करायचं असेल तर गुत्तं घेतात. गुत्तं घेतलं की मग अंधारापासून अंधारापर्यंत राबतात, पण एकराचा भाव आधी ठरवूनच कोयता हातात धरतात. रोज वेगळा, गुत्तं वेगळं, हे आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक मजुराला कळतं. तू इंजिनिअर झालास आणि रोजाच्या पगारात गुत्त्याचं काम करायला लागलास. भावही विचारला नाहीस.

आता खरी गोष्ट. त्या रात्री जेवणं झाल्यावर तू मला तुझी टाइमशीट दाखवलीस. रोजच्या रकान्यात आठ, आठ, आठ, आठ. मी विचारलं, अरे, तू तर सकाळी नऊला बसतोस आणि रात्री अकराला उठतोस म्हणालास, मग हे आठ कुठून आले? तू म्हणालास, "जास्त भरले तर प्रश्न विचारतात, सर. सगळेच आठ भरतात."

सहावी ते दहावी मी तुला गणित शिकवलं. उत्तर चुकलं तर मी कधी मारलं नाही, पण उत्तर मागून बघून मधल्या पायऱ्या खोट्या मांडल्या तर सोडलंही नाही. ही टाइमशीट म्हणजे तेच आहे. आणि याचा परिणाम तुझ्यापुरता राहत नाही, हे तुला अजून कळलेलं नाही, म्हणून सविस्तर सांगतो. तेरा तासांचं काम तू कागदावर आठ तासांचं केलंस. वरच्या साहेबाने ते वाचलं. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज बांधताना तोच कागद समोर आला. त्या कामाला आठ तास पुरतात, असं क्लायंटला सांगितलं गेलं. त्या हिशेबाने माणसं कमी दिली, तारीख अलीकडची दिली. मग ते काम नव्या पोराच्या गळ्यात पडलं. त्यालाही तेराच तास लागले आणि त्यानेही भीतीने आठच लिहिले. तू ज्याला प्रेशर म्हणतोस, त्यातलं निम्मं या कागदातून येतं, आणि तो कागद रोज तू स्वतःच्या हाताने भरतोस. क्लायंट वाईट आहे, मॅनेजर वाईट आहे, हे खरं असेलही. पण खोटा आकडा तुझ्या अक्षरातला आहे.

वही घे आणि माझ्याबरोबर मांड. नऊ ते अकरा म्हणजे चौदा तास. जेवणाखाण्याचा एक तास वजा कर. राहिले तेरा. शनिवारीही काम असतं म्हणालास, म्हणजे आठवड्याचे ७८. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दराने मोबदला, आणि मूळ कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत मिळून १२५ तासांपेक्षा जास्त जादा काम घ्यायचं नव्हतं. पगार मी सोयीसाठी ५० हजार धरतो. ४८ तासांचा आठवडा म्हणजे महिन्याचे २०८ तास, तासाला २४० रुपये. ७८ तासांचा आठवडा म्हणजे महिन्याचे ३३८ तास, तासाला १४८ रुपये. पगारवाढ झाली म्हणून मागच्या वर्षी तू पेढे घेऊन आला होतास. तास किती वाढले ते मला सांगितलं नाहीस, आणि तूही मोजले नव्हतेस. महिन्याचे जादा तास होतात १३०. मूळ कायद्याने तीन महिन्यांत जेवढे घेता येत होते, त्याहून जास्त तास तू एका महिन्यात देतोस. दुपटीचा दर लावला तर ढोबळमानाने दरमहा ६२ हजारांच्या वर जातात. म्हणजे तुझ्या पगारापेक्षा जास्त किमतीचं काम तू दर महिन्याला फुकट करतोस, आणि वर टाइमशीट भरून ते केलंच नाही, असं लिहून देतोस.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने रोजचे नऊ तास दहा करायला आणि तिमाहीचे १२५ तास १४४ करायला मंजुरी दिली. तरीसुद्धा तुझे १३० तास महिन्याचे आहेत आणि ते १४४ तीन महिन्यांचे आहेत. कायदा सैल झाला तरी तू त्याच्या बाहेरच आहेस. आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. देखरेखीची, व्यवस्थापनाची जागा असेल तर त्या माणसाला हा कायदा लागू होत नाही. म्हणून बढतीचं पत्र हातात आलं की नुसतं पदाचं नाव वाचून स्टेटस ठेवू नकोस. आपण काय सोडून देतोय तेही वाच.

मोठ्या कंपनीतली नोकरी वाईट, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ते खोटं होईल. तुझ्या पगाराने घरावर स्लॅब पडला. वडिलांच्या पीककर्जाचा खातेउतारा कोरा झाला. धाकटा भाऊ नांदेडला शिकतोय, त्याची फी तू भरतोस. दहावीत चार वाक्यं उभं राहून बोलता येत नव्हती तुला. आता परदेशातल्या माणसांशी तासभर बोलतोस. मध्यरात्री बंद पडलेली बँकेची सिस्टीम तुम्ही चौघांनी पहाटेपर्यंत बसून चालू केली, ते सांगताना तुझा चेहरा उजळला होता. ते समाधान खरं आहे आणि ते अवघड कामातूनच मिळतं. अडीअडचणीला एखादी रात्र जागावी लागते. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवायला नको. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला तूही गेलेला आहेस. पण ती पाळी आठवड्याने बदलायची. तुझी पाळी तीन वर्षं झाली बदललेली नाही.

तुझ्या पुण्यातलीच गोष्ट आहे. केरळची एक मुलगी, सनदी लेखापाल, मार्च २०२४ मध्ये ईवायच्या समूहातल्या लेखापरीक्षण संस्थेत पुण्याला रुजू झाली. तिची ती पहिलीच नोकरी. २० जुलैला ती गेली. वय २६. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे अध्यक्षांनी मान्य केलं नाही, आणि कशाने झाला याचा निवाडा करणारा मी कोण? पण त्या पत्रातले दोन दिवस तू वाचच. पदवीप्रदानासाठी आईवडील पुण्याला आले. आठवडाभर रात्री एकच्या सुमाराला खोलीवर परतल्यावर तिच्या छातीत आवळल्यासारखं व्हायचं, म्हणून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला आला. झोप पुरत नाही, जेवण फार उशिरा होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तिथून ती कामावर गेली. दुसऱ्या दिवशी पदवीप्रदान. त्या दिवशीही दुपारपर्यंत तिने खोलीवर बसून काम केलं आणि समारंभाला ते तिघं उशिरा पोहोचले.

स्वतःच्या पदवीप्रदानाला उशीर. बहिणीच्या कानपिळीला गैरहजर. तुझ्याही खिशात मी गोळ्यांची पट्टी पाहिली आहे.

पुढे कामगार खात्याने त्या कार्यालयाची तपासणी केली. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेला अर्ज नामंजूर झाला होता, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. सतरा वर्षं! दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसांचं कार्यालय, आणि तिथे एवढी शिकलेली माणसं. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का, हे एकानेही मान वर करून पाहिलं नसेल? तू तरी तुझ्या ऑफिसात पाहिलास का?

शरीराचं गणित तर जगाने मांडून ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात अशा लांब तासांमुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. तुझे तास ७८ आहेत, हे आत्ताच वहीत मांडलंस.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा तुम्ही पोरांनी आपल्या ग्रुपवर ते कौतुकाने फिरवलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, तेव्हा हसलात आणि सोडून दिलंत. मूर्तींच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. १९८१ मध्ये सात जणांनी मिळून इन्फोसिस पुण्यातच सुरू केली, दहा हजार रुपयांच्या भांडवलावर. पण ते स्वतःच्या वाट्यासाठी राबले. त्यांनी गुत्तं घेतलं होतं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये तुझा वाटा किती टक्के? आणि रात्री अकरापर्यंत बसलं की नोकरी टिकते, हाही भ्रम काढून टाक. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ज्यांची नावं यादीत आली, त्यांच्यातले किती जण वेळेवर घरी जात होते म्हणून गेले असतील? विचार कर.

रविवारची सुट्टी तुला आभाळातून पडली असं वाटतं का? गिरणी कामगारांना सातही दिवस राबावं लागायचं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज दिले, आणि १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्या सह्या करणाऱ्यांत कित्येक जण अंगठा लावणारे असतील. त्यांनी मिळवलेला रविवार तू एका मेसेजवर सोडून देतोस. "आज जरा बसशील का?" असं आलं की हो म्हणतोस. कोणी जबरदस्ती केलेली नसते.

तू म्हणशील, सर, तुम्हाला गावात बसून बोलायला काय जातं? घराचा हप्ता आहे, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, बाजार मंद आहे. हे सगळं मला माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या गोरेगाव भागातल्या शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना लिहून दिलं, की पीककर्ज फिटत नाही, आमचे अवयव विकत घ्या. किडनी, यकृत, डोळे, प्रत्येकाचा दर लिहिला होता. ज्या मातीत माणसांवर ही वेळ येते तिथून तुम्ही गेलात, म्हणून नोकरी जाण्याची भीती तुमच्या हाडात आहे. ती भीती मी लहान मानत नाही. पण त्या शेतकऱ्यांचा तो आकांत होता. कोणीतरी ऐकावं म्हणून चारचौघांत फोडलेला टाहो होता. तू मात्र आईला फोनवर "मजेत आहे" सांगतोस. छातीत जळजळतं, झोप येत नाही, रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, हे तू घरी कोणालाच सांगितलेलं नाहीस; मला सांगितलंस, तेही अर्ध्या रात्री. ज्यांच्यासाठी एवढं चाललंय, त्यांनाच खोटा हिशेब. टाइमशीटही खोटी आणि फोनही खोटा.

आणि आता तू टीम लीड झालास. हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून शेवटी ठेवलं. लग्नाच्या रात्री साडेअकराला तू माझ्यासमोर एक मेसेज टाकलास, "आजच संपव." समोरची मुलगी जिंतूरकडची आहे, नवी आहे, हुशार आहे, असं तूच म्हणालास. मी विचारलं, ती कुठे असेल आत्ता? तू म्हणालास, "ऑफिसात असेल, सर." रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षितता लागते, घरी पोहोचवायची सोय लागते, हे त्याच कायद्यात आहे. तू तिला संमती विचारली होतीस का? ती खोलीवर कशी जाणार, हे विचारलंस का? तुझ्यावर जे झालं ते तू जसंच्या तसं खाली ढकललंस. इतके दिवस तू सोसणारा होतास, म्हणून माझ्या मनात तुझ्याबद्दल कळवळा होता. त्या मेसेजने तू सोसायला लावणारा झालास. तिथे मी तुझी बाजू घेणार नाही.

नोकरी सोड, असं मी सांगत नाही. उद्या सकाळी जाऊन साहेबाशी भांड, असंही नाही. उद्यापासून टाइमशीटमध्ये जेवढे तास केलेस तेवढेच भर. प्रश्न विचारले तर उत्तर दे, काम दाखव. एकट्याची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून भरा. चौघांचे आकडे सारखे आले तर तो अंदाज चुकल्याचा पुरावा होतो, माणूस चुकल्याचा नाही. सुट्टीच्या दिवशीचं काम कोणी तोंडी सांगितलं तर मेलवर लिहून माग. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवी गाडी घेऊ नकोस, कारण हप्ता जितका मोठा तितकी मान खाली. हक्काची रजा साठवत बसू नकोस, घे. छातीचं दुखणं चांगल्या डॉक्टरला दाखव आणि रिपोर्ट वडिलांना दाखव. त्या मुलीला रात्री आठनंतर मेसेज करायचा नाही, आणि तिने खरे तास भरले म्हणून तिला कोणी बोललं तर पुढे तू व्हायचं. टीम लीड म्हणून तेवढं काम तुझं आहेच.

आणि आजपासून एक साधी शंभर पानी वही घाल. कामाला बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, जेवणाचा वेळ वजा करून राहिलेले तास. रोज झोपण्याआधी एक ओळ. तुझ्या टीममधल्या प्रत्येकाला तशीच वही घालायला सांग. दिवाळीला गावी येशील तेव्हा ती वही घेऊन माझ्याकडे यायचं. पेढे आणू नकोस.